वाटायचं राहिलंय

त्या वर्षी आमच्या फरीदाबादच्या घरात सकाळ व्हायची ती दगडावर दगड घासल्याच्या आवाजाने. मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत आई जमिनीवर बसलेली असायची आणि पाट्यावर भिजवलेले मूग वाटत असायची. तो पाटा तिच्या लग्नात आलेला. इतकी वर्षं त्याच्यावर मनीप्लँटच्या कुंड्या ठेवलेल्या होत्या. वरवंटा तर मी खेळण्यातलाच समजत होते, आणि त्याला बरीच वर्षं 'बट्टा'च म्हणायचे, कारण शेजारच्या घरांतून तोच शब्द कानावर पडायचा. त्या वर्षी कुंड्या खाली उतरल्या, पाटा धुतला गेला आणि आई त्याच्यासमोर बसली. खोलीत मी बारावीची पुस्तकं उघडून बसायचे आणि पलीकडून तो आवाज यायचा, जरा थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. थांबायचा तेव्हा आई मनगट दाबून धरत असायची, हे मला पुढे कळलं.

आमचा जुना मिक्सर बाबांना हार्ट अटॅक आला त्याच्या थोडंच आधी जळाला होता. चटणी वाटता वाटता त्यातून धूर निघाला, दुरुस्तीवाल्याने मोटार गेली म्हणून सांगितलं, आणि आता नवा घेऊ असं ठरलं. मग अटॅक आला. दिल्लीच्या हॉस्पिटलात बाबांच्या छातीत स्टेंट बसवला आणि ते घरी आले ते खाण्यापिण्याचा एक नवाच कायदा घेऊन. मीठ कमी, तेल जवळजवळ नाही, बाजारातलं काही नाही, तयार मसाले नाहीत, मैदा तर घरातच आणायचा नाही. मोड आलेल्या मुगाची धिरडी, दुधीचं गाळलेलं सूप, पालकाची पातळ भाजी, पुदिन्याची चटणी, जवसाची चटणी, आणि सगळं रोज ताजं. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे आईला समजावून सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. बाई चांगल्या होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, घर पे मिक्सर तो होगा ना? आई काही बोलायच्या आत बाबा पलंगावरून म्हणाले, बिल्कुल है.

बाबा एका कारखान्यात खरेदी विभागात होते. माणूस प्रामाणिक, त्याबद्दल वाद नाही. आयुष्यात कुणाकडून एक कप चहासुद्धा फुकट घेतला नाही त्यांनी. पण आपल्याला कुणी फसवू शकत नाही याचा त्यांना भयंकर अभिमान होता. स्क्रू घ्यायचा असो की पंखा, तीन कोटेशनं आल्याशिवाय ते हलत नसत. आता ते घरी होते, डॉक्टरांनी जिने चढायला आणि चिडायला मनाई केली होती, आणि हाताशी भरपूर वेळ होता. त्यांनी मिक्सर घ्यायचं काम हातात घेतलं. सोफ्यावर लोड घेऊन ते दुकानांना फोन करत. किती वॅट, भांडी स्टीलची की प्लास्टिकची, पात्याला हमी किती, मोटार तांब्याची आहे की दुसऱ्या कशाची. वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून ठेवत. त्यांच्या ऑफिसातले मिश्राजी संध्याकाळी भेटायला आले की दोघं त्याच्यावर चर्चा करत, आणि त्या चर्चेसोबत खायला आई पाट्यावर वाटलेल्या मुगाची धिरडी करून देई.

सुरुवातीला एक मिक्सर जवळजवळ ठरला होता. मग कुणीतरी बाबांना सांगितलं की आता जमाना फूड प्रोसेसरचा आहे, त्यात कणीकही मळली जाते, भाजीही चिरली जाते, रसही निघतो. 'हेल्थ के लिए तो वही सही रहेगा' असं मिश्राजी म्हणाले. त्याबरोबर ठरलेला मिक्सर बाद झाला आणि शोध पहिल्यापासून सुरू झाला. एक स्वस्त होता पण फारच आवाज करणारा, म्हणे हार्ट पेशंटला आवाज चालत नाही. एक चांगला होता पण त्याच्याबरोबर इतकी भांडी की अर्धी कधी वापरलीच जाणार नाहीत, मग त्याचे पैसे का द्यायचे. एकाचं नवं मॉडेल येणार होतं. एकावर दिवाळीला सूट मिळणार होती आणि दिवाळी लांब होती. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, अहो, साधा कुठलाही आणा, मला फक्त वाटायचंय. बाबा हसले. म्हणाले, घाईत घेतलेली वस्तू महिनाभरात रडवते.

मी हे लिहिताना आईच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. लोक सांगतात की वय वाढलं की राग निवतो, माणसाला आईवडिलांची बाजू कळायला लागते. मला बाबांची बाजू तेव्हाही कळत होती. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस, घाबरलेला, ऑफिसातली खुर्ची सुटलेली, हातात काहीतरी काम हवं होतं त्यांना. हे सगळं मला कळतं. राग तरीही निवलेला नाही. कारण आमच्या घरात वॉशिंग मशीन होतं, गीझर होता, बाबांना रक्तदाब मोजायचं यंत्र तर दोन दिवसांत आलं होतं, त्याला कुणी तीन ठिकाणी भाव विचारले नव्हते. वेळ लागला तो फक्त त्या एका वस्तूला, जी आईच्या हातात जाणार होती.

एका रविवारी बाबा जरा बरे झाले म्हणून आम्ही गुडगावच्या एका मॉलमध्ये गेलो, प्रात्यक्षिक बघायला. टाय लावलेला एक मुलगा टेबलामागे उभा राहून फूड प्रोसेसर चालवून दाखवत होता. गाजर घालायचा अवकाश, की खाली कीस. कांदा, कोबी, कणीक, सगळं चुटकीसरशी. समोर बायकांची गर्दी होती, पण तो मुलगा बोलत होता तो त्यांच्या नवऱ्यांशी. बाबांनी त्याला इतके प्रश्न विचारले की लोक बाबांकडेच बघायला लागले, आणि बाबांना ते आवडलं. आई त्यांच्या मागे औषधांची पिशवी धरून उभी होती. तिने हळूच पुढे होऊन टेबलाच्या कडेला ठेवलेलं एक भांडं उचलून बघितलं, झाकण फिरवायचा प्रयत्न केला. तो मुलगा लगेच म्हणाला, मॅडम, हाथ मत लगाइए, डेमो पीस है। आईने भांडं खाली ठेवलं. बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, ते वॅटबद्दल विचारत होते. आम्ही काहीच न घेता परत आलो. गाडीत बाबा खूश होते. या कंपनीच्या मोटारीत काही दम नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आईचा हात जात होता हे मला आधी माझ्या वेणीवरून कळलं. ती रोज माझी वेणी घालायची, आवळून, डोळ्यांत पाणी येईल इतकी. मग वेणी सैल यायला लागली. दुपारी तिच्याकडे शेजारची मुलं गणिताच्या शिकवणीला यायची, त्यांच्या फळ्यावरचे आकडे वाकडे यायला लागले, आणि पुढे पुढे ती फळ्यावर लिहायचं सोडून मुलांनाच लिहायला लावायची. चहाचं पातेलं ती दोन्ही हातांनी उचलायची. ओली फडकी पिळायला मला हाक मारायची. अंगठ्याच्या मुळाशी सुजून गाठीसारखं झालं होतं आणि तिथे बोट लागलं तरी ती श्वास ओढून घ्यायची. वाटायला मी बसते म्हटलं की ती मला उठवून लावायची, तुझं वर्ष आहे, अभ्यास कर. तरी सुट्टीच्या दिवशी मी बसायचे. तो वरवंटा दिसतो त्यापेक्षा फार जड असतो, आणि मुगाचं पीठ सरसरीत व्हायला तो सबंध हात खांद्यापासून ढकलावा लागतो. अर्ध्या वाटीला माझा घाम निघायचा. आई हे रोज करत होती, आणि दिवसातून एकदाच नाही.

मी बाबांना सांगितलं. सरळ सांगितलं की आईचा हात सुजलाय, आजच्या आज मिक्सर आणा. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "माझी आई आयुष्यभर पाट्यावर वाटत होती. तिच्या हाताला कधी काही झालं नाही. उलट व्यायाम होतो."

मी उठून खोलीत गेले आणि दार आपटलं. डॉक्टरांनी त्यांना चिडवू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून आईने दार आपटल्याबद्दल मलाच सुनावलं. त्या घरात तेव्हा चिडण्याचा हक्क कुणालाच नव्हता. बाबांच्या छातीतली ती बारीकशी जाळी आम्ही सगळेच आपापल्या छातीत घेऊन फिरत होतो. आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, नाही म्हणायचं नाही.

मग तो रविवार आला. बाबांनी मिश्राजींना आणि त्यांच्या बायकोला, आम्ही त्यांना भाभी म्हणायचो, जेवायला बोलावलं. या काही महिन्यांत वजन कसं उतरवलं, साखर कशी आटोक्यात आणली हे त्यांना दाखवायचं होतं. आईला त्यांनी सकाळी सांगितलं की आज सगळं आपलं हेल्दी खाणंच कर, म्हणजे यांनाही कळेल. धिरडी, दोन चटण्या, सूप. आई बरं म्हणाली. मी बाल्कनीतला आवाज ऐकायची वाट बघत राहिले. तो आला नाही.

जेवायच्या वेळी बाहेरच्या खोलीत बाबा मिश्राजींना तीन कोटेशनांची गोष्ट सांगत होते. आता तीनच उरली होती आणि त्यांतलं एक निवडायचं होतं, त्यात मिश्राजींचं मत हवं होतं. आईने ताटं आणून मांडली. आधी पाहुण्यांची, मग बाबांचं. ताटात एका बाजूला मोड आलेले अख्खे मूग होते, कच्चे, पाण्यातून निथळून काढलेले. त्यांच्या शेजारी पुदिन्याच्या काड्या, दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा न सोललेला तुकडा. एका वाटीत भाजलेले जवस, अख्खे. दुसऱ्या वाटीत दुधीच्या उकडलेल्या फोडी, त्यांच्याच पाण्यात. सगळं नीट मांडलेलं, मीठ आणि लिंबाची फोडसुद्धा जागच्या जागी. मिश्राजींना वाटलं ही आमच्याकडची काहीतरी पद्धत असेल, त्यांनी एक मूग उचलून तोंडात टाकला.

बाबांनी मराठीत, दबक्या आवाजात विचारलं, "हे काय आहे?"

आई म्हणाली, "तेच आहे. वाटायचं राहिलंय."

एवढं बोलून ती आत गेली. बाबा मिश्राजींकडे बघून हसले आणि हिंदीत म्हणाले की आज बाईसाहेबांचा मूड ठीक नाही. मिश्राजीही हसले. भाभी मात्र हसल्या नाहीत, त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. मला वाटलं आई रडत असेल. आई ओट्याला टेकून उभी राहून कालची पोळी आणि लोणचं खात होती, डाव्या हाताने. भाभींनी तिचा उजवा हात हातात घेतला, वळवून बघितला, आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, चलिए, उठिए। मिश्राजींना काही कळलं नाही पण ते उठले. मी आजवर कुणाला इतक्या लवकर आमच्या घरातून बाहेर पडताना पाहिलेलं नाही. बाबा बराच वेळ त्या ताटांसमोर बसून होते. आईने त्या दिवशी त्यांना खायला काहीतरी करून दिलं का, मला आठवत नाही. बहुतेक मीच मूग उकडून दिले.

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मुलांना सुट्टी देऊन आई मला म्हणाली, चप्पल घाल. आम्ही रिक्षाने एक नंबरच्या मार्केटमध्ये गेलो. भांड्यांच्या दुकानांची ओळ संपते तिथे एक विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. दुकानदाराने आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, भाईसाहब नहीं आए? आई म्हणाली, उन्हें आराम बताया है। त्याने सगळ्यांत मोठा फूड प्रोसेसर खाली काढला आणि त्याचे गुण सांगायला लागला. आईने त्याला मध्येच थांबवून विचारलं की हे सगळं धुवायचं कसं. तो गडबडला. मग एकेक भाग वेगळा करून त्याने टेबलावर मांडला, आणि टेबल भरून गेलं. आई म्हणाली, हे परत ठेवा.

तिने काय बघितलं ते मी विसरलेले नाही, कारण बाबांच्या इतक्या दिवसांच्या शोधात त्यातली एकही गोष्ट आली नव्हती. तिने प्रत्येक मिक्सरचं भांडं डाव्या हाताने उचलून पाहिलं, मग उजव्या. ज्याने कळ आली ते बाजूला. झाकण तळव्याने दाबून निघतं का, की पिळावं लागतं, ते बघितलं. बटण कुठल्या बाजूला आहे, ते बोटांच्या चिमटीत धरावं लागतं की नुसतं ढकलून चालतं, ते बघितलं. छोटं भांडं हवंच होतं, मूठभर जवस मोठ्या भांड्यात नुसते भिंतींना चिकटून बसतात. दुकानदार वॅट सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, मूग वाटले गेले म्हणजे झालं. शेवटी एक साधा, पांढरा, तीन भांड्यांचा मिक्सर तिने ठरवला, दुकानातला जवळजवळ सगळ्यांत स्वस्त. पैसे शिकवणीतले होते. दुकानदाराने खोक्याला दोरी बांधली आणि मला म्हणाला, बेटा, तुम उठाओ, मम्मी के हाथ में तकलीफ है। पहिल्यांदा कुणीतरी अगदी अनोळखी माणूस, न सांगता, ते बघत होता. रिक्षात मला रडू आलं ते त्यामुळे, आणि आईला वाटलं खोकं जड आहे.

घरी आल्यावर बाबांनी खोकं उलटं करून खालची बारीक अक्षरं वाचली. वॅट वाचले, हमी वाचली. म्हणाले, या किमतीत याच्यापेक्षा कितीतरी चांगला आला असता, चार दिवस थांबली असतीस तर. आईने मूग काढले, पाणी घातलं, झाकण तळव्याने दाबलं आणि बटण ढकललं. घरभर आवाज झाला. माझ्या आठवणीप्रमाणे बाबांच्या हृदयाला काहीही झालं नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला इतका राग आला नसता. पण आईचा हात मिक्सर आल्यावर बरा झाला नाही. फार उशीर झाला होता. पेन धरता येईना, वाटी हातातून निसटायला लागली, तेव्हा आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबा आता हिंडूफिरू लागले होते, तेच आम्हाला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात दाबला, बोटं वाकवायला लावली, आणि विचारलं, किती दिवसांपासून आहे. बाबा नेहमीप्रमाणे तिच्या आधी बोलले, बस, दो-चार हफ्ते हुए होंगे, डॉक्टरसाहब।

आईने खुर्ची जरा पुढे ओढली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"नहीं। जब से ये बीमार पड़े हैं, तब से। घर में मिक्सर नहीं था। मैं पत्थर पर पीसती थी, रोज़। इनको सब पता था।"

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि लिहायला लागले. बाबांचे कान लाल झालेले मला दिसत होते. औषधं, पट्टा, इंजेक्शन, नाहीच उतरलं तर लहानसं ऑपरेशन, असं बरंच काही डॉक्टरांनी सांगितलं. नसेवर फार दिवस ताण आला आहे, पूर्वीसारखी पकड येईल असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. ती आली नाही. आईने पुढे डाव्या हाताने लिहायला शिकून शिकवणी चालू ठेवली, पण वेणी माझी मलाच घालावी लागली.

परतताना बडखल मोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा समोर बघत म्हणाले, "परक्या माणसासमोर असं बोलायची काय गरज होती?"

आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "मग कुठे बोलू?"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी बाबांनी गाडी काढली नाही. मग काढली. मागच्या सीटवर बसून मी त्यांच्या मानेकडे बघत होते आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी जे काही आलं ते मी इथे लिहिणार नाही. मी त्यांना तेव्हा माफ केलं नाही, आणि आज ते ऐंशीकडे झुकलेले, नीट चालते-फिरते, माझ्याच घरी राहतात, तरी पूर्ण माफ केलेलं नाही. लोक मला विचारतात की बाबांनी एवढी प्रकृती कशी राखली. बाबा सांगतात, शिस्त. मी त्यांना सांगू देते.

डॉक्टरांकडे जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. आई आत पलंगावर, हाताला पट्टा बांधून पडली होती. बाबा येऊन दारात उभे राहिले. मुगाचं भांडं त्यांच्या हातात होतं, पाणी निथळायचं त्यांना सुचलं नव्हतं, ते फरशीवर सांडत होतं. त्यांनी ओट्यावरच्या मिक्सरकडे बघितलं आणि मला विचारलं की हे भांडं त्याच्यावर बसवायचं कसं.

मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "आईला विचारा."

ते थोडा वेळ तिथेच थांबले, मी वळेन असं वाटून. मी वळले नाही. मग ते आत गेले. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. आईचा आवाज आला.

"आधी ते पाणी पुसा. मग सांगते."